वर्गणी

३ मार्च
माजी सैनिकांच्या आश्रमात आज कंपाउंडर म्हणून रुजू झालो. लांबलचक व्हरांडा, ओळीनं बारा खोल्या, पहिलीच्या अलीकडे माझा दवाखाना. मामा तिसऱ्या खोलीत. सुरुंगात पाय गेला त्याला एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. मला बघून म्हणाला, जन्मभर गोळ्या झेलल्या, आता भाचा मोजून देणार! मी त्याला बजावलं, तुझ्या गोळ्या सोडवून सहा महिन्यांत घरी नेणार. आईनं त्याची खोली रंगवूनसुद्धा ठेवली आहे. मामा नुसता हसला.

५ मार्च
जुने कागद चाळले. अकरा जणांचा डोस वर्षानुवर्षं चढतोच आहे, एकदाही उतरलेला नाही. एवढ्या गोळ्यांवर माणूस दिवसभर पेंगायला हवा. हे तर सकाळी नऊला पत्त्यांवरून भांडतात! पेंगतो एकटा बाराव्या खोलीतला हवालदार, आणि कागदावर त्याचाच डोस सगळ्यांत कमी. त्याच्या पाठीत तोफगोळ्याचे तुकडे आहेत. फार अदबशीर माणूस, मलाही अहोजाहो करतो.
गोळ्या वाटून झाल्यावर एकानं दुसऱ्याला विचारलं, वर्गणी दिली का? मला वाटलं पेपरची असेल. मीही खिशात हात घातला, तर सगळे पोट धरून हसले.

८ मार्च
रंगेहाथ पकडले! पाणी पितात, पण गोळी जिभेखालीच ठेवतात. साठवून नशा करत असणार, दुसरं काय? डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. न घेता चालतं, तर डोस निम्मा करा म्हणाले. उद्यापासून प्रत्येकानं माझ्यासमोर गिळायची आणि जीभ उचलून दाखवायची. मामालाही सूट नाही.

१० मार्च
मामानं माझा हात घट्ट धरला. म्हणाला, प्रत्येकाची एकेक गोळी हवालदाराला जाते, तीच वर्गणी. डॉक्टर त्याचा डोस वाढवत नाहीत, आणि गोळ्या कमी पडल्या की तो माणसात राहत नाही. पूर्वी बाराव्या खोलीत दोघं राहायचे, म्हणाला. मी उडवून लावलं. मामा रडला. त्याला रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. तरी नियम सोडला नाही.

११ मार्च, सकाळ
हवालदारानं सिस्टरचा हात मोडला. चौघांनी मिळून त्याला खाटेला बांधला. मी घाबरून जादा गोळ्या भरवायला गेलो, तर गोळ्यांसकट माझं बोट तोडलं त्यानं. डाव्या हाताचं. पट्टी रक्तानं भिजली आहे. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्या बघू. मामाचं ऐकायला हवं होतं.

दुपार
पट्टे तुटले. आचारी स्वयंपाकघराच्या दारात पडलाय, डोकं भिंतीवर आपटून आपटून— चेहरा उरला नाही. फोनची तार उपटलेली. मी दवाखान्यात, आतून कडी लावून. मामा त्याच्या खोलीत. कुबड्यांवर त्याला पळता येत नाही हे ठाऊक असून मी एकटाच पळालो.

थोड्या वेळानं
एकेक दार फुटतंय. आत जाऊन तो अदबीनं विचारतो, कुठं दुखतं? मग किंकाळी. मग काहीच नाही. अकरावी. दहावी. नववी—

गुंगीचं इंजेक्शन भरून ठेवलंय. कडी काढायची, मागून जाऊन टोचायचं. एवढंच. हात कडीपर्यंत जात नाही.

पाचवी.

चौथी. मामा, मी भित्रा आहे—

तिसरी. मामा ओरडला नाही. मोठ्यानं म्हणाला, माझं काही दुखत नाही रे, पण भाच्याला सोड. मग खाट आपटल्याचा आवाज. खूप वेळ.

दुसरी. पहिली. आता माझ्या दाराशी. म्हणतोय, सगळ्यांचं दुखणं थांबवलं, मामांचंही. तुमच्या बोटाचं तेवढं राहिलं. दार मधोमध तडकलं. मी सांगतोय, दुखत नाही, खरंच, अजिबात दुखत—