सरदारकीची झाकणं

चिरंजीव पाद्रीबुवा इलेर यांस थोरल्या बहिणीचे, रादेगोंदचे, आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? (प्रार्थनेला कमी वाकत जा, देवाला तू उभा असलास तरी दिसतोस.) मी अजून जिवंत आहे, ही तक्रार समज.

आमचं घर बुडालं. राजाने फर्मान काढलंय की ज्याने त्याने चार पिढ्यांच्या सनदा दाखवून आपली सरदारकी सिद्ध करावी, नाही जमलं तर नाव कर भरणाऱ्या कुळांच्या वहीत. मागे लढाई आली की हाच दरबार आमच्या दारी माणसं मागायला यायचा, तेव्हा कोणी कागद विचारला नाही. आता राजाकडे स्वतःची पगारी फौज आहे. बडे उमराव महालात, सकाळी राजाच्या हातात सदरा कोणी द्यायचा यावरून रुसतात, आणि आमच्यासारख्यांकडे अंमलदार येतो.

तो आला तेव्हा माझा लेक ओबँ शेतात नांगर धरून होता. कमरेला तलवार होतीच. सरदाराने नांगरतानाही ती सोडायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. धावत येताना ती पायात अडकली आणि ओबँ अंमलदाराच्या पुढ्यात शेणात आडवा. अंमलदार म्हणाला, "उठा सरदार, मुजरा पोचला." (मला हसू आलं, पण मी आई आहे, म्हणून खोकले.)

मग सनदा मागितल्या. आता तुला काय सांगू! नवरा गेल्यावर पेटीत त्या कातडी कागदांची चळत निघाली होती. सगळं लॅटिन, मला काय कळतंय? पण मुरंब्याच्या बरणीवर बांधायला त्यासारखं दुसरं काही नाही. भिजवून ताणून बांधलं की वाळल्यावर मुंगी शिरत नाही. अकरा वर्षं मी यांचे पूर्वज नासपतीच्या मुरंब्यावर बांधत आले. चिकट झाले की चुलीत. ओबँ डोकं धरून ओरडला, "आई, तू चार पिढ्या जाळल्यास!" मी म्हटलं, "आणि तू बरण्या चाटून पुसल्यास, तेव्हा पूर्वज कडू लागले नाहीत ते?"

संत मार्तँच्या सणापर्यंत मुदत आहे. तोवर काही दाखवलं नाही तर ओबँची तलवार उतरेल आणि नातीचं, पर्नेलचं, ठरलेलं लग्न मोडेल. तिच्या सासरच्यांना सरदाराचीच मुलगी हवी. पोरगी बोलत नाही, घासलेलीच भांडी पुन्हा घासते. माझ्या हाताने झालंय हे, इलेर. आमच्यासाठी प्रार्थना कर, तुझ्याकडून दुसरं काय होणार!

तुझी बहीण,
रादेगोंद

ता. क. प्रार्थना राहू दे. एक सनद शिल्लक आहे. अंमलदार मऊ पडावा म्हणून जाताना मी त्याच्या हातात मुरंब्याची शेवटची बरणी ठेवली, झाकणासकट. तो तुझ्याच प्वातिएत राहतो. त्याच्याकडे जा आणि म्हण, साहेब, खाण्याआधी झाकण वाचा.

पुन्हा ता. क. वरचं अजिबात म्हणू नकोस! (कागद एकच आहे, नाहीतर पत्र नव्याने लिहिलं असतं.) पर्नेल आत्ता बोलली. ती मठात दोन वर्षं लॅटिन शिकलीय, आणि ती बरणी तिनेच बांधली होती. सरदार नसताना तलवार लावून मिरवला म्हणून माझ्या नवऱ्याच्या पणज्याला दंड झाला, त्याचा निवाडा आहे त्या झाकणावर. आजच्या आज जा आणि बरणी परत आण. मुरंब्यात उंदीर मेला होता म्हणून सांग. चाळीस वर्षांत माझ्या मुरंब्याला कोणी नाव ठेवलं नाही. तू ठेव.