झल्लाकचा उतार

राजिवडा, रत्नागिरी
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप भाईस,
अस्सलामु अलैकुम. वि. वि.

तुझी खबर तू सोडून सगळ्यांकडून मिळते. फोन घ्यायचा नाही, टाइप करायला म्हणे बोटं जाड, मग बहिणीनं कागद घेऊन बसावं आणि बहरीनला निघालेल्या माणसाच्या गळ्यात पत्र घालावं. नवाबाला शोभेल असा थाट आहे तुझा. तुमच्या यार्डातला हमीद सुट्टी संपवून परत निघालाय, त्याच्या हाती कोकमं आणि कुळथाचं पीठ दिलंय. सादलाही दे, एकटा खाऊ नकोस.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. हमीद सांगत होता की तुमच्या यार्डात दोन माणसांचं काम उरलेलं नाही. जानेवारीत सादचा व्हिसा संपेल तेव्हा एकालाच ठेवतील, आणि अरबाबची, म्हणजे तुमच्या मालकाची, ती जुनी इंग्रजी लॉरी जो चालवेल त्यालाच. तू साठी ओलांडलीस, भाई. साद सत्तावीसचा आहे. दापोलीचे लोक मुलगी द्यायला तयार आहेत, पण नोकरी पक्की का, हे दर आठवड्याला विचारतात. आणि हमीद म्हणतो, तू दर शुक्रवारी लॉरी स्वतः फिरवतोस आणि माझा मुलगा फडकं घेऊन काचा पुसत उभा असतो.

मी काही मनात धरलेलं नाही. फक्त एवढंच सांगते, पोराला शिकव. मामूनं नाही शिकवायचं तर कुणी?

तुझ्या भाचीचा, मुस्कानचा सलाम. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी बहीण,
तय्यबा


झिंज, मनामा
२० ऑक्टोबर २०२५

चि. तय्यबास,
अनेक दुआ. वि. वि.

कोकमं पोचली. पीठही पोचलं, आणि सादनं त्याची पिठी अशी केली की शेजारचा मल्याळी वास घेत दारात आला. तुझा टोमणाही पोचला.

तू ज्या लॉरीबद्दल लिहितेस ती एईसीची मॅमथ मेजर, आठ चाकांची. मी त्र्याऐंशीला इथं आलो तेव्हाच ती म्हातारी होती. तेव्हा आमची कंपनी हॅलिवेल अँड क्रॉस या गोऱ्यांची होती. गाड्या गर्द हिरव्या, कडेनं लाल रेघ, दारावर सोनेरी अक्षरं. मर्सर ब्रदर्सच्या गाड्या निळ्या. मीना सलमान बंदरात जो आधी पोचेल त्याला माल आधी, म्हणून दिवसभर हिरवे आणि निळे एकमेकांना रस्ता देत नसत, आणि संध्याकाळी एकाच खोलीत एका पातेल्यात जेवत. पाण्याच्या टाक्या बेडफर्ड ट्रकवर. जड यंत्रं स्कॅमेल लॉरीवर, आणि ती इतकी सावकाश चालायची की क्लीनर उतरून चहा पिऊन परत चढायचा. दोन्ही कंपन्या गेल्या. गोरे आपलं सामान विकून निघून गेले, अरबाबनं आमची कंपनी घेतली, गाड्या भंगारात दिल्या आणि ही एक ठेवली. रंग तिचा बदलला, पण उन्हात तिरकं पाहिलं तर दारावर जुनं नाव अजून दिसतं.

या गाडीत इंजिन केबिनच्या आत असतं, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध, लोखंडी झाकणाखाली. थंडीत त्यावर आम्ही रोट्या गरम करत असू. आवाज इतका की सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. आणि गिअर? तो आजच्या गाड्यांसारखा आपोआप पडत नाही. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये अॅक्सिलरेटर द्यायचा, इंजिनाचा सूर नेमका जुळला की दांडा सरकवायचा. ते कानानं येतं.

सादची घाई करू नकोस. अजून त्याची वेळ आलेली नाही.

मुस्कानला दुआ. तुझ्या घरात माझी आठवण राहू दे.

तुझा भाई,
मुनाफ


राजिवडा
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भाईस,
सलाम. वि. वि.

मी मुलाचं विचारलं आणि तू मला लॉऱ्यांचा इतिहास पाठवलास. हिरव्या गाड्या, निळ्या गाड्या, रोट्या. त्याची वेळ आलेली नाही म्हणजे काय? तुझी वेळ संपत नाही म्हणून?

मी थांबले नाही. हमीदला फोन करून सांगितलं की तुमच्या शैलेंद्रसाहेबांच्या कानावर घाल. ट्रान्सपोर्ट मॅनेजर आहेत, नागपूरचे आहेत, माणसाची गोष्ट समजतील. म्हातारा जागा अडवून बसलाय, पोराला एकदा स्टिअरिंगवर बसवून बघा, असं त्यांना सांग म्हटलं. तुला वाईट वाटेल. मलाही वाटतंय, पण मी आई आहे.

आज याहून जास्त लिहवत नाही. जिथं असशील तिथं सुखरूप राहा.

तय्यबा


झिंज, मनामा
१४ नोव्हेंबर २०२५

ती. अम्मीस,
सलाम. वि. वि.

फोनवर हे बोलता येणार नाही, मुस्कान आणि चाची ऐकत असतात. म्हणून मामूंसारखं पत्र लिहितोय. त्यांनी मला कुराणावर हात ठेवायला लावला नव्हता, कुणाला सांगू नको एवढंच म्हटलं होतं. आज ते मोडतो.

अम्मी, मामूंना ऐकू येत नाही. उजवा कान बऱ्याच वर्षांपूर्वीच गेला. डावा या रमजानपासून गेला. फोन म्हणून घेत नाहीत. लोकांच्या ओठांकडे बघून अंदाजानं उत्तर देतात, ऑफिसात सगळ्यांना वाटतं म्हातारा तिरसट झालाय. कानात मशीन घालत नाहीत, कारण ते दिसलं की लायसन्स गेलं आणि लायसन्सबरोबर व्हिसा. डॉक्टर म्हणाला, इतकी वर्षं इंजिनाला चिकटून बसलेल्या माणसाचं असंच होतं.

ते मला शिकवत नव्हते असं नाही. मार्चमध्ये मला स्टिअरिंगवर बसवून स्वतः शेजारी बसले. माझा गिअर चुकत होता, खालून कानठळ्या बसतील अशी करकर होत होती आणि ते शांतपणे समोर बघत होते. उतरल्यावर त्यांनी विचारलं, आवाज झाला का. मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी मला त्या सीटवर बसू दिलं नाही. ते स्वतः चालवतात ते सवयीनं, पण माझी चूक त्यांना कळत नाही आणि चुकीचं शिकलो तर मी कुणाला तरी मारीन, असं त्यांना वाटतं.

आणि तू हमीदला शैलेंद्रसाहेबांकडे पाठवलंस. काल ऑफिसात कागद लागला. बारा डिसेंबरला कंपनीची साठ वर्षं, झल्लाकच्या रिसॉर्टवर जेवण. एईसी ट्रेलरवरून तिथं नेणार, गेटपासून समुद्राकडच्या हिरवळीपर्यंत मी चालवणार, मागच्या हौद्यात बाकं ठोकून स्टाफची मुलं बसवणार. गेटपासून हिरवळीपर्यंत सरळ उतार आहे आणि खाली खुर्च्या मांडलेल्या असतील. अकाउंट्सच्या ग्लेनिसनं मुलीसाठी आत्ताच पहिलं बाक मागून ठेवलंय.

मी नाही म्हटलं तर जानेवारीत माझं खलास. का नाही म्हणतो ते सांगितलं तर मामूंचं खलास. काय करू ते सांग.

तुझा,
साद


राजिवडा
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भाईस,
सलाम. वि. वि.

सादचं पत्र वाचून मी दोन घास खाल्लेले नाहीत. मी तुला नवाब म्हटलं. म्हातारा जागा अडवून बसलाय म्हटलं, आणि तेही परक्याच्या तोंडून. अल्लाह मला माफ करो, तू करशील का माहीत नाही.

हमीदला लगेच फोन केला, शब्द मागे घे म्हटलं. तो म्हणाला, आता शैलेंद्रसाहेबांनी अरबाबला सांगून टाकलंय आणि अरबाबला ही कल्पना फार आवडलीय. कारण दिल्याशिवाय मागे घेता येत नाही, आणि कारण काय देऊ?

सादला म्हणावं आजारी पड. नोकरी जाऊ दे. दापोली जाऊ दे. त्या गाडीवर दुसऱ्यांची लेकरं बसणार आहेत, भाई. आणि तू सगळं सोडून घरी ये. ओटीवरची खोली रिकामीच आहे.

तुझी,
तय्यबा


झिंज, मनामा
५ डिसेंबर २०२५

चि. तय्यबास,
अनेक दुआ. वि. वि.

रडू नकोस. मी तुझ्या जागी असतो तर हमीदला नव्हे, स्वतःलाच विमानात घातलं असतं.

घरी ये म्हणतेस, त्याचीच मला भीती होती. इथं मी लॉरीवाला मुनाफ आहे. तिथं ओटीवर बसलेला बहिरा म्हातारा होईन. सगळे माझ्याशी ओरडून बोलतील, मग ओरडायचा कंटाळा येईल, मग बोलणारच नाहीत. म्हणून लपवलं. सादच्या पोटावर पाय येतोय हे मला दिसत होतं, तरी लपवलं.

शैलेंद्रला जाऊन सांगितलं की मुलांना हौद्यात बसवू नका. तो म्हणाला, अरबाबची नातवंडंही बसणार आहेत, बाकं ठोकून झाली. मग मी म्हटलं की मी सादच्या शेजारी बसणार. त्याला हरकत नव्हती. सादला मी आजारी पड म्हटलं होतं. तो ऐकत नाही. तुझ्यावर गेलाय.

रोज यार्डात आम्ही गाडी काढतो. सपाटीवर त्याला चांगली जमते. पण उतारावर गाडी नुसत्या ब्रेकवर सोडायची नसते, इतकी जुनी गाडी तर नाहीच. वरच खालचा गिअर टाकून घ्यायचा. आणि या देशात सराव करायला उतार आहे कुठं? सगळा पाटासारखा सपाट. त्याला पुन्हा पुन्हा सांगितलंय की गेटवरच गिअर टाक, उतारावर दांड्याला हात लावू नकोस.

मला भीती वाटते, तय्यबा. शुक्रवारी आमच्यासाठी दुआला हात उचल.

तुझा भाई,
मुनाफ


झिंज, मनामा
१३ डिसेंबर २०२५

ती. अम्मीस,
सलाम. वि. वि.

सगळे सुखरूप आहेत. हे आधी वाच आणि मग पुढचं.

गेटवर मी बरोबर गिअर टाकला होता. पण पुढं बँडवाले चालत होते, ते मध्येच थांबले, मीही थांबलो. शैलेंद्रसाहेब हात हलवून यल्ला यल्ला, चला चला, करत होते. घाईत मी वरच्या गिअरमध्ये निघालो. उतार लागला तशी गाडी पळायला लागली. मागून मुलं आनंदानं ओरडत होती. मी ब्रेक दाबला, दाबून धरला, आणि पाय हळूहळू खाली जातोय असं वाटलं. मग मामूंनी सांगितलं होतं तेच विसरलो आणि दांडा ओढला. खालचा गिअर पडेना. वरचाही पडेना. गाडी मोकळीच सुटली. खाली टेबलांवर पांढऱ्या चादरी दिसत होत्या, लोक खुर्च्यांवरून उठून फोननं फोटो काढत होते. कुणाला काही कळलं नव्हतं.

मामूंना कळलं. इंजिनाची थरथर जोखायला त्यांनी एक हात झाकणावर सपाट ठेवला आणि दुसरा माझ्या गुडघ्यावर. गुडघा दाबला, मी अॅक्सिलरेटर दिला. अजून दाबला, अजून दिला. इंजिन असं ओरडलं की मला वाटलं फुटतंय. मग त्यांनी गुडघा सोडून माझ्या मनगटावर चापट मारली आणि मी दांडा सारला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. गाडीनं धक्का खाल्ला आणि आवरली. हिरवळीच्या कडेला चालत्या माणसाच्या वेगानं पोचलो. टाळ्या वाजल्या. ग्लेनिसची मुलगी उतरायलाच तयार नव्हती, तिला पुन्हा एकदा हवं होतं.

मी हँडब्रेक ओढला आणि केबिनमध्येच बसून राहिलो. ती चूक झाली, अम्मी. मी त्यांच्या बरोबर उतरायला हवं होतं. मामू खाली उतरून चाकाला हात लावून उभे होते, सगळ्यांकडे पाठ करून. स्टेजवरून माइकवर अरबाबनी स्वतः त्यांचं नाव घेतलं. सर्वांत जुना माणूस म्हणून सत्कार होता, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा नाव घेतलं. लोक हसायला लागले, मग हसायचे थांबले. शैलेंद्रसाहेब पाठीमागे अगदी जवळ जाऊन मुनाफभाई म्हणाले, आणि मामू चाकच बघत राहिले.

मी धावत जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते वळले, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि त्यांना समजलं.

पुढचं ते स्वतः लिहिणार आहेत. मला लिहू नको म्हणाले.

तुझा,
साद


झिंज, मनामा
२९ डिसेंबर २०२५

चि. तय्यबास,
अनेक दुआ. वि. वि.

सादचा व्हिसा दोन वर्षांनी वाढला. दापोलीला कळव, आता दर आठवड्याला विचारू नका म्हणावं. गाडी त्याच्याकडे सोपवली. उतारावर कधी न्यायची नाही, असं शैलेंद्रनं आपणहून लिहून दिलं. गिअर टाकताना साद आता एक हात झाकणावर ठेवतो. मी त्याला सांगितलं की तुला कान आहेत, ते वापर. ऐकत नाही.

माझं लायसन्स मी स्वतः नेऊन दिलं. कुणी ओरडलं नाही. शैलेंद्रनं माझ्या समोर खुर्ची ओढून घेतली आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणाचं सगळं बोलणं समजलं. आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच तो म्हणाला. ते खरं आहे.

नऊ जानेवारीला निघतो. मुंबईला उतरून दहाला दुपारच्या गाडीनं रत्नागिरीला पोचेन. ओटीवरची खोली झाडून ठेव. मला घरात कोपऱ्यात बसवू नकोस, जेवताना सगळ्यांत बसव, समजो न समजो.

आणि एक. तुझा स्वभाव मला माहीत आहे, फलाटावर मी दिसलो की लांबूनच भाई म्हणून हाक मारशील. मारू नकोस. मी तसाच पुढे चालत जाईन आणि लोकांना वाटेल, भाऊ बहिणीवर रागावलाय. गर्दीतून वाट काढून माझ्या समोर ये आणि हात धर.

तुझा भाई,
मुनाफ