दुखण्याला नाव हवं

१६ जानेवारी २००७, बॉथेल

पोट परत. सकाळच्या मीटिंगमध्ये टेबलाची कड धरून बसलो. वर्ष उलटून गेलं. पोटात पिळवटतं, तळहातांना मुंग्या, आणि थकवा एवढा की ऑफिसातून येऊन सोफा गाठला की दिवस संपला. वैशाली म्हणते, लिहून ठेव, डॉक्टरांना दाखवता येईल. इथल्या अमेरिकन डॉक्टरांना मराठी कुठलं वाचता येतंय! बायकोचं ऐकायचं म्हणून लिहितोय.

२ फेब्रु.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. सगळं नॉर्मल. लोक यावर पेढे वाटतील, मला पार्किंगमध्ये रडू आलं. रक्त थोडं कमी, म्हणे पालक खा. काहीतरी निघू दे यार. वाईट का असेना, नाव तरी कळेल.

२० फेब्रु.

नसांचा डॉक्टर. सुया टोचून करंट दिला. मग, कामाचा स्ट्रेस आहे का? आयटीत आहे म्हटल्यावर त्याने मान डोलावली. झालं निदान! वैशालीलाही आता मनातून तसंच वाटतंय. बोलत नाही, पण योगाच्या क्लासचा कागद फ्रिजवर लागलाय.

फॉर्म भरून हात दुखला. दारू नाही, सिगारेट नाही, औषधं काही नाही. इतका सज्जन पेशंट यांना मिळायचा नाही.

४ मार्च, रवि.

नागपूरहून आईचा फोन. गोळ्या घेतोस ना, हा पहिला प्रश्न. तिच्या वैद्यकाकांच्या काळ्या गोळ्या, ॲसिडिटीवर. २००५ च्या दिवाळीपासून सुरू आहेत. नागपूरचं कुणीही इकडे यायला निघालं की त्याच्या बॅगेत ती एक बाटली कोंबतेच. पोट फार दुखतं म्हटलं, तर म्हणाली दोनाच्या तीन कर. केल्या.

२२ मार्च

ईराने शाळेत घरातल्यांचं चित्र काढलं. आई उभी, ती उभी, मी आडवा. "दॅट्स हाउ यू आर, बाबा." हसलो. जेवताना वैशालीवर उगाच ओरडलो, आमटीत मीठ कमी म्हणून. मीठ बरोबर होतं.

१० एप्रिल

चौथा डॉक्टर. आत जायच्या आधी एक वयस्क नर्स. तिने फॉर्म बाजूला ठेवला नि म्हणाली, काल उठल्यापासून तोंडात काय काय गेलं, सांगा. चहा, पोहे, आईच्या गोळ्या, डबा...

तिचं पेन थांबलं. "कसल्या गोळ्या?"

औषध नाही हो, म्हटलं, घरच्या आहेत. बोलता बोलताच ते सगळे फॉर्म आठवले. दीड वर्ष प्रत्येक फॉर्मवर 'काही नाही' लिहिलंय मी. खोटं बोललो नव्हतो. औषध म्हणजे दुकानातलं. आई पाठवते ते औषध असं कधी डोक्यातच आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, अशा काही गोळ्यांत शिसं सापडतं, त्याने पोट दुखतं, मुंग्याही येतात. असेलच असं नाही. रक्त घेतलं, बाटली ठेवून घेतली, गोळ्या बंद. घरी येताना वैशाली म्हणाली, मी रोज पाण्याचा ग्लास आणून द्यायचे.

१२ एप्रिल

रिपोर्ट नाही. तीनदा फोन केला, तिथली बाई आता आवाजावरून ओळखते. शिसं निघावं असं वाटतं, म्हणजे नाव मिळेल. मग आईचा चेहरा येतो, आणि निघू नये असं वाटतं.

संध्याकाळी आईला फोन लावला, तिकडे सकाळ. म्हटलं, गोळ्या काही दिवस थांबवल्यात, एक तपासणी आहे. बरं म्हणाली. थोड्या वेळाने, "मग मी एकटीच घेऊ का?"

"तू घेतेस?"

"घेते ना. तू सुरू केल्यास तेव्हापासून. तू तिकडे एकटा घेतोस, म्हटलं सोबत होईल."

बंद कर, आजपासून बंद. का रे? रिपोर्ट आला की सांगतो, पण तोवर एकही नको. बरं बाबा, म्हणाली. हाताला मुंग्या येतात का, विचारलं.

"येतात की. वय झालं आता."