आधी चाखणारा

रवि. ६ ऑक्टो.
प्रार्थनेनंतर पाळकसाहेबांनी मला दारात गाठलं. म्हणे, आपल्या मराठी मंडळीला दर रविवारी म्हणायचा विश्वासाचा अंगीकार तोंडपाठ आहे, पण अर्थ विचारला की सगळे छताकडे बघतात. तीन रविवार वर्ग घे, तुझ्याच घरी. मी म्हटलं, मी सॉफ्टवेअरवाली, मला काय येतंय? "तुला प्रश्न पडतात ना, पुरे." हो म्हणून बसले. आता भोगा.

नितीन म्हणाला, चहा माझ्याकडे. नवरा हिंदू, बाप्तिस्मा वगैरे काही नाही, पण फरीदाबादच्या या मंडळीचा प्रभुभोजनाचा द्राक्षरस आठ वर्षं तोच करतोय. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. मी एकदाच केला होता, करपला. प्याला फिरतो तेव्हा हा मागच्या खुर्चीवर बसून असतो. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचा, नियम आहे.

रवि. १३
वर्ग १. त्रैक्य: पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तरी देव एकच. सात जण आले. मी तीन दिवस घोकून ठेवलेलं उदाहरण दिलं: पाणी, बर्फ, वाफ. वस्तू एक, रूपं तीन. खूश होते स्वतःवर.

आशिषने हात वर केला. जालन्याचा, दिल्लीत राहून यूपीएससी करतो, मुनिरकाहून कालकाजीला मेट्रो बदलून येतो. "मॅडम, पण तेच पाणी एका वेळी तिन्ही नसतं ना? बाप्तिस्म्याच्या वेळी येशू नदीत उभा, वरून पित्याची वाणी, आत्मा कबुतरासारखा उतरतोय. तिघं एकाच वेळी हजर आहेत."

मी टिपणांत शोधू लागले. सुमनमावशी (सत्तरीच्या, शेजारच्या सेक्टरात मुलाकडे राहतात) म्हणाल्या, "मला एवढंच कळतं, देव एकटा कधीच नव्हता. एकटा असता तर प्रेम कुणावर केलं असतं?" स्वयंपाकघरातून नि.चा आवाज, "बिल्कुल." चहा गाळताना कान इकडेच.

गुरु. १७
ऑफिसच्या कॅबमध्ये वाचत गेले. बर्फ-पाणी-वाफ हे फार जुनं चुकीचं मत निघालं, चर्चने केव्हाच फेटाळलेलं. म्हणजे मी चाळीस मिनिटांत सात जणांना पाखंडी केलं. नि. हसून हसून दमला. मला मात्र वाचत राहावंसं वाटतंय. लहानपणापासून अंगीकार म्हणत आलेय, आणि आत काय आहे ते आता बघतेय.

रवि. २०
वर्ग २. आधी पाण्याचं उदाहरण मागे घेतलं. मग कृपा. कमवावी लागत नाही, मिळते. आशिषला पचेना. तिसरा अटेम्प्ट चालू आहे त्याचा. "यार, रँकशिवाय काही मिळतं यावर विश्वास कसा ठेवायचा?" सगळे हसले.

मग मावशी हळूच, "फुकट आहे ना गं? मग आमच्या ह्यांना का नाही?"

त्यांच्या यजमानांनी बाप्तिस्मा घेतला नाही कधी. दर रविवारी स्कूटरवरून मावशींना देवळाशी (चर्चला मावशी देऊळच म्हणतात) सोडायचे आणि सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली पेपर वाचत थांबायचे. चाळीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी गेले.
"तिकडंही बाहेरच थांबतील का?"

मी म्हटलं, देव न्यायी आहे. मावशींनी मान हलवली, बँकेत 'उद्या या' म्हटल्यावर हलवतात तशी. आत कपांचा आवाज थांबला होता. नि. नंतर चहा घेऊन आला, माझ्याकडे न बघता.

मंगळ. २२
पाळकसाहेबांना फोन. "येशूशिवाय वाट नाही, हे सोडता येत नाही. आणि येशूने ज्याला स्वर्गाचं वचन दिलं, त्या शेजारच्या क्रुसावरच्या चोराचा बाप्तिस्मा कुठे झाला होता? हेही सोडता येत नाही."
मग मी काय सांगू?
"दोन्ही सांग. पुढे माहीत नाही, तर माहीत नाही म्हण."
राग आला. एवढ्यासाठी का शिकवायचं माणसाने?

खरं लिहू? मला मावशींच्या यजमानांची काळजी नाही. मला नितीनच्या बाबतीत भीती वाटते. अकरा वर्षं झाली लग्नाला, बाप्तिस्म्याचा विषय मी त्याच्याशी काढलेला नाही. सात जणांना शिकवते, याला नाही. तो नाही म्हणाला तर, ही धास्ती. आणि माझ्यासाठी म्हणून हो म्हणाला तर...

रवि. २७
वर्ग ३. मेलेल्यांचं उठणं, सार्वकालिक जीवन. मावशींना दोन्ही बाजू सांगितल्या, आणि पुढचं मला माहीत नाही, असंही.

"बरं केलंस. 'ह्यांना आत घेतील का' विचारलं, तर आमच्या गावचे पाळक 'नाही' म्हणाले होते. सून म्हणते 'हो'. दोघांनाही घाई." मग चहात बिस्कीट बुडवलं आणि आशिषला विचारलं, जेवतोस का रे वेळेवर.

शनि. २ नोव्हें.
काल लक्ष्मीपूजन. नि.ने दिवे लावले, मी चकल्या वाढल्या. आज त्याच ओट्यावर मनुका भिजताहेत. हवा इतकी घाण की खिडकी उघडता येत नाही, घरभर मनुकांचा वास. नि.ला विचारू म्हणता म्हणता दिवस गेला.

रवि. ३
प्रभुभोजन. मावशींनी प्याल्यातला घोट घेतला आणि आपली जागा सोडून मागे नि.शेजारी जाऊन बसल्या. सुटल्यावर मी पोचले तेव्हा विचारत होत्या, साखर किती घालतोस रे?
"साखर नाही, मावशी. चाखून बघतो ना. आंबट निघाला तर मनुका वाढवायच्या."
"दर वेळी चाखतोस?"
"मग? तुम्हाला तसाच कसा देणार?"
"म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आधी तू." हसल्या, आणि पदराने डोळे पुसले.

प्याल्यावर आशीर्वाद मागण्याआधी तो नुसता मनुकांचा रस असतो. हे मलाही माहीत आहे.

घरी येताना ऑटोत विचारलं. नि., तू पण बाहेरच थांबणारेस का?
त्याने नाकावरचा रुमाल खाली घेतला. मग, "अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारतेयस. तिन्ही वर्ग आतून ऐकलेत मी. मला प्रश्न आहेत."

चहा आज मी टाकला. तो बाहेरच्या खोलीत, वर्गाच्या खुर्चीवर बसला. पहिला प्रश्न विचारला. "माहीत नाही," म्हटलं, आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.