पुढच्या चाकांत काहीतरी वाजतंय

३ ऑक्टोबर

ती. स्व. सासूबाई यांस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नका. आम्ही दोघंही धडधाकट आहोत, तुमची लेक तर जरा जास्तच. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहितोय. तिला मात्र सांगितलेलं नाही, तेव्हा उत्तर मी काम करतो त्या पियानोच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. तुम्हा मायलेकींचं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली. त्यात मला पडायचं नाही. माझं काम गाडीपुरतं आहे.

सासऱ्यांची गाडी, म्हणजे तुमचं घर सोडताना तिनं सोबत आणलेली एकुलती एक वस्तू, पुढून वाजायला लागलीय. गॅरेजात नेऊ म्हटलं तर बाबांच्या गाडीला परक्याचा हात लागू देणार नाही म्हणते. मग तूच बघ म्हटलं तर म्हणते, मी आता विम्याच्या ऑफिसात फायली लावते, पाना धरत नाही. यावर तिनं उपाय काढलाय तो असा, की गाडीत रेडिओ मोठ्यानं लावायचा.

माझं पोट कानांवर चालतं हो. दिवसभर पियानोचे सूर जुळवायचे आणि घरी येताना हे ऐकायचं! आवाज तीन आहेत. बारीकसारीक खड्ड्यांवरून हळू जाताना उजवीकडून टकटक, कुणी वाट बघत टेबलावर बोटं आपटावीत तशी. ब्रेक दाबला की एकच जाड ठक. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की दाराच्या जुन्या बिजागरीसारखी कुरकुर. तिचा स्वरही सांगू शकतो, पण तुम्हाला त्याचा उपयोग नसावा.

मी आजवर फार तर सायकलची साखळी चढवलीय. पण तुम्ही सांगाल ते आणि सांगाल तसं करीन.

तुमची माया माझ्यावर आहेच, थोडी या गाडीकडेही वळवावी.

आपला,
जावई


९ ऑक्टोबर

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तीस वर्षं आम्ही नवराबायकोनं गॅरेज चालवलं, पण गाडीचं दुखणं इतकं नीट सांगणारं गिऱ्हाईक एकही भेटलं नाही. लोक यायचे आणि काहीतरी होतंय एवढंच म्हणून किल्ली टेकवायचे.

टकटक म्हणजे लिंक रॉड, चाकाजवळची बारीक जोडदांडी, झिजला. ठक म्हणजे लोअर आर्मचं रबरी बुश फाटलं. हा आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात. त्याच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, कुरकुर त्याची. हसण्यावारी नेऊ नका. तो निसटला तर धावत्या गाडीचं चाक आडवं पडतं. पत्र मिळाल्यापासून गाडी जागची हलता कामा नये. किल्ली हरवली म्हणून सांगा, आणि खरंच कुठेतरी टाका, कारण खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात.

बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबला तर ठीक, झुलत राहिला तर शॉकअपही गेले. पण ते तुम्ही काढायचे नाहीत. त्यांच्याभोवती दाबून बसवलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर समोरच्या माणसाला ठेवत नाही. स्प्रिंगला बोट लावलंत तर मी जावई बदलीन.

बाकीचं जमेल तुम्हाला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, दोन्हीकडे स्टँड लावा. दोन्ही बाजूंचे आर्म बदला, एकच बदलला तर गाडी लंगडते. जुना जॉइंट हटून बसेल. तो ज्या कड्यात अडकलेला असतो त्या कड्यावर बाजूनं हातोडी मारा, जॉइंटवर नाही. आणि मुख्य म्हणजे बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते हातानं फिरवून ठेवा. चाकं टेकून गाडीचा भार आला की मग पान्यानं आवळा. नाहीतर नवं रबर पिळलेलंच आवळलं जातं आणि सहा महिन्यांत फाटतं.

ती वेळेवर जेवते ना? कळवा. मी विचारलं हे मात्र तिला कळू देऊ नका.

तुमच्यावर लोभ होताच, आता कौतुकही आहे.

तुमची,
सासू


१७ ऑक्टोबर

ती. स्व. सासूबाई यांस,
सा. न. वि. वि.

बॉनेट दाबून सोडलं तर चार वेळा झुललं. शेजारची मुलं आणखी एकदा करा म्हणून मागे लागली.

दोन्ही आर्म, त्यातच बसवलेले नवे बॉल जॉइंट आणि दोन लिंक रॉड आणलेत. पियानोच्या दुकानात एका झाकणाखाली लपवून ठेवलेत. काल मालकांनी नेमका तोच पियानो उघडला. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या गाडीचे दोन स्टँड देऊ केले.

गाडी तीन दिवस उभी आहे. किल्ली मी पिठाच्या डब्यात टाकलीय. तुमची लेक बसनं जाते, पोटभर जेवते आणि माझ्या कानांकडे संशयानं बघते. एक सांगू का? रस्त्यात कुणाची गाडी उचललेली दिसली की ती वाकून खाली डोकावते. मी बघतोय असं वाटलं की बुटाची नाडी बांधायला लागते. तिच्या बुटांना नाड्या नाहीत.

या रविवारी ती मैत्रिणीचं सामान नव्या घरात लावायला दिवसभर जाणार आहे. तेव्हाच हात घालतो. तुमचं पत्र समोर चिकटवूनच कामाला लागेन.

आशीर्वाद असू द्यावेत, स्टँड तर मिळालेच आहेत.

आपला,
जावई


२३ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न.

विनंती विशेष काही नाही, राग विशेष आहे.

मैत्रिणीचं सामान बाराच्या आत लागलं म्हणून मी लवकर परतले. अंगणात बाबांची गाडी स्टँडवर आणि तिच्याखालून माझ्या नवऱ्याचे दोन पाय बाहेर. जमिनीवर पांढरी चादर, तिच्यावर एकेक नट ओळीत मांडलेला, प्रत्येकाशेजारी नावाची चिठ्ठी. आणि मडगार्डवर चिकटवलेलं तुझं पत्र. तुझं अक्षर मी दोन वर्षांनी बघितलं.

मी ते उभ्यानं सगळं वाचलं, जेवणाचं विचारलंस तेही. खालून नवऱ्याचं चालूच होतं. त्याला वाटलं शेजारीण आलीय. तो तिला सांगत होता की जॉइंट काही केल्या निघत नाही. निघेल कसा? तो हातोडी मारत होता की पियानोला सूर विचारत होता, कोण जाणे. टुक. टुक. मी आत गेले, जुना शर्ट चढवला आणि बाहेर येऊन त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली. दोन टोले घातले. दुसऱ्याला जॉइंट सुटून खाली आला आणि हा दचकून उठला तो डोकं आपटूनच. टेंगूळ आलंय, बाकी बरा आहे.

संध्याकाळच्या आत दोन्ही आर्म बसले. बोल्ट चाकं टेकल्यावरच कसले, काळजी नको. टकटक, ठक, कुरकुर, तिन्ही आवाज गेले. नवऱ्यानं गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारली आणि परत आला तो डोळे पुसत. मी म्हटलं, धूळ गेली असेल. तो म्हणाला, हो, धूळच.

आई, हाताला ग्रीस लागलं आणि मला इतकं बरं वाटलं, की त्याचाच पुन्हा राग आला. माझ्या नवऱ्याला चार पानं भरून शिकवतेस, आणि मला न विचारता आठवड्याभरात गॅरेज विकून टाकतेस? शाळेत असल्यापासून मी तिथे काम केलं. मी पुढे चालवीन हे तुला ठाऊक होतं. तुला माझा भरवसा नव्हता का? आज सरळ विचारते, तूही सरळ सांग.

लोभाचं तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी,
ठिणगी


२९ ऑक्टोबर

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

लहानपणीचं नाव अजून लावतेस, त्यातच मला पुष्कळ मिळालं. आता सरळ सांगते.

गॅरेज विकायच्या आधीचा गुरुवार आठव. गाड्या उचलायच्या लिफ्टवर पांढरी व्हॅन होती, तू खाली होतीस. तू बाजूला झालीस असं समजून मी लिफ्ट उतरवायला घेतली. तू ओरडली असणारच. मला काही ऐकू आलं नाही. तू सरपटत बाहेर आलीस तेव्हा गाडी गुडघाभर उंचीवर होती. तू हसलीस, तेलाचं फडकं माझ्या अंगावर फेकलंस आणि पुढच्या गाडीकडे गेलीस. मी संडासात जाऊन दार लावून बसले.

कान वर्षभर आधीच गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. तुझे बाबा नुकते गेलेले. एकटी बाई गॅरेज चालवते एवढ्यावरच गिऱ्हाईक बिचकत होतं, बहिरी चालवते म्हटल्यावर कोण आलं असतं? आणि तुला सांगितलं असतं तर मी मोठ्यानं ओरडेन म्हणाली असतीस आणि पुन्हा लिफ्टखाली शिरली असतीस. म्हणून येईल त्या गिऱ्हाइकाला विकून मोकळी झाले. तुझ्यावर पुरेपूर भरवसा होता गं, माझा स्वतःवरचाच उडाला होता. हे तोंडानं सांगायला जमलं नाही, आणि तू गाडी घेऊन निघालीस तेव्हा वाटलं, रागावली तरी चालेल, जिवंत आहे.

चुकले ते विकण्यात नाही, न सांगण्यात. तिथे मात्र पुरती चुकले.

जावईबापूंच्या टेंगळावर बर्फ लाव.

माझा लोभ तुला विचारून ठरत नाही, तो आहेच.

तुझी,
आई


४ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि तशीच उठून घरी आले. साहेबांना सांगितलं, पोट दुखतंय.

आई, तो गुरुवार मला लख्ख आठवतो. मी ओरडलेच नव्हते! माझ्या दातांत दोन नट होते. तोंड उघडलं तर गिळीन या भीतीनं मी नुसता लिफ्टच्या खांबावर हात आपटला. शाबूत कानांच्या माणसालाही त्या कंप्रेसरच्या आवाजात काही कळलं नसतं. ते नट दातांत धरायला बाबांनी मला हजारदा बंदी केली होती. तू दोन वर्षं जे उरावर घेऊन बसलीस त्यात निम्मी चूक माझी आहे, आणि मी ती साफ विसरून तुझ्यावर रुसून बसले. मीही कधी विचारलं नाही. गाडीत बसले आणि निघाले.

आता काम. शॉकअप बदलायचे राहिलेत. स्प्रिंग दाबायचे क्लॅम्प भाड्यानं मिळतील, पण स्प्रिंगला दोन जाणती माणसं लागतात. माझ्याकडे एक मी आणि एक पियानोवाला आहे. तुझ्या कानांचं मी ठरवलंय. तू मला दिसशील आणि मी तुला दिसेन अशाच जागी दोघी उभ्या राहू. हात वर म्हणजे थांब. दोघींनी मान डोलवल्याशिवाय पाना फिरणार नाही. आणि माझं तोंड रिकामं असेल.

पत्र मिळालं की ये. नवऱ्यानं तुझ्या खोलीला रंग द्यायला घेतलाय, त्याला पूर्ण करू दे म्हणून शुक्रवारच्या आधी नको.

लोभाचं ठरलं. राहील.

तुझी,
ठिणगी


२० नोव्हेंबर

चि. ठिणगीस आणि जावईबापूंस,
अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचले. आठ दिवस राहिले, त्यातले चार गाडीखाली गेले. या वयात याहून चांगली सुट्टी कुणाला मिळणार? कमर दुखतेय, पण ती माझी मी बघून घेईन.

पहिली स्प्रिंग क्लॅम्पमध्ये आवळताना तू हात वर केलास आणि मी थांबले, तेव्हा तू क्लॅम्प अर्धं बोट सरकवून सरळ केलास. मला तो तिरका दिसलाच नव्हता. तुझ्या बाबांची नजर आहे तुझ्याकडे. दुसरी स्प्रिंग तू केलीस आणि मी नुसती बघत उभी होते. तू शेवटचा नट कसलास तेव्हा जावईबापूंनी आपल्या दोघींना टाळ्या वाजवून दाखवल्या. मला त्या ऐकू आल्या नाहीत, पण दिसल्या. त्यांचा चहा फार गोड होता, तेही सांगायचं राहिलं.

आणखी एक. माझी बस सुटताना तू काचेबाहेरून काहीतरी बोललीस. बरंच बोललीस, हातवारेही केलेस. मला एक अक्षर कळलं नाही. पूर्वीची मी असते तर हसून मान हलवली असती आणि गप्प बसले असते. या वेळी सांगते, कळलं नाही, लिहून पाठव.

पण तुझा चेहरा मला दिसत होता. जे काही विचारलं असशील त्याला माझं हो आहे.

जिव्हाळा आहे तसाच ठेवा, जमल्यास रोज थोडा वापरत चला.

तुमची,
आई


२५ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हो म्हणून बसलीस, आता सुटका नाही!

मी विचारत होते ते असं. आमच्या घरामागच्या रस्त्यावर छपाईवाल्याची एक लांबलचक शेड आहे. तो नव्या जागेत जातोय, पहिल्या तारखेपासून ती रिकामी होईल. उंची लिफ्टला पुरते, मी मोजून आले. गाडीखाली उभं राहून काम करायचा खळगा खणायला मालकाची परवानगीही घेतली. ऑफिसात राजीनामा दिलाय. साहेबांनी विचारलं, पोटदुखी बरी झाली का. म्हटलं, आता झाली.

गल्लीत बातमी फुटलीच आहे. पियानोच्या दुकानाचे मालक, समोरच्या शिक्षिका आणि एक दूधवाला असे तिघंजण आत्ताच येऊन नंबर लावून गेले. दूधवाल्याची गाडी तर पुढून इतकी वाजते की ती येताना नवरा कानांवर हात ठेवून घरात पळतो.

पाटी नवरा रंगवतोय. त्यानं विचारलं, नाव काय घालू. मी म्हटलं, नाव नको, नुसतं मायलेकींचं गॅरेज लिही. मायलेकींचं लिहिताना त्याला जागा कमी पडली, म्हणून पाटीच मोठी आणली.

तीस तारखेला तुला न्यायला गाडी घेऊन येतेय. सामान कमी बांध, शर्ट जुने आण.

तुझी,
ठिणगी