तंजावूरला चंद्र आधी उगवतो

मंगळवार, १० फेब्रुवारी

पुन्हा तेच. संध्याकाळी पुण्याला फोन लावला. सेतूने उचलला. ‘अम्मा, मुक्ता गच्चीवर आहे, आजीबरोबर.’ आजी म्हणजे सुनेची आई, आमच्या विहीणबाई. (पुढं वि.बा. लिहीन. एवढं लांब लिहायला हात दुखतो, आणि जरा मनही.) त्या नुसत्या आजी. मी तंजावूरआजी. बसच्या पाटीसारखं गावाचं नाव लावलंय मला.

मग आली धापा टाकत. नऊ वर्षांची पोर, दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र बघून आली म्हणे. ‘एका ओळीत होते, टाचणीनं टोचल्यासारखे!’ मी म्हटलं, गुरू मला पण दिसतो की. वाळलेले वडाम-पापड्या गोळा करायला गच्चीवर जाते तेव्हा पूर्वेला लखलखत असतो.

‘हो, पण चंद्र दिसतात का?’

नाही दिसत.

साबुदाण्याचे वडाम मात्र यंदा कसे पांढरेशुभ्र वाळलेत. ते कोण विचारतो.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज मी तयारीनं बसले होते. यांच्या तमिळ पेपरात सकाळीच बातमी वाचून ठेवली, अमेरिकेचे चौघं चंद्राला वळसा घालून येणार होते, ते राहिलं, इंधनाच्या नळीत गळती. मुक्ताला म्हटलं, अगं तुला कळलं का? म्हणाली, ‘ते जुनं झालं, आजीनं मला त्याच दिवशी सांगितलं. हायड्रोजन गळतो, कारण त्याचे कण फार बारीक असतात.’

बारीक असतात! आमचा सिलिंडर गळतो तेव्हा मी साबणाचं पाणी लावून बघते, बुडबुडा आला की वायसर बदलायचा. तिथं कुणाला सुचलं नाही वाटतं. हे मी बोलले तर मुक्ता इतकी हसली इतकी हसली. बरं वाटलं. पण हसली ती हसलीच, ‘आजी, ऐक ना, तंजावूरआजी काय म्हणते’ म्हणत फोन घेऊन तिकडेच पळाली.

खरी गोष्ट आता लिहिते. मे महिन्यात ती दरवर्षी इथं येते. या वर्षी वि.बा. तिला आकाश बघायच्या शिबिराला न्यायचं म्हणतायत, सुट्टी सगळी त्यातच जाणार. सेतू म्हणतो, तिलाच ठरवू दे. नऊ वर्षांच्या पोरीनं ठरवायचं! आम्हाला कुणी लग्न ठरवताना विचारलं नव्हतं.

रविवार, २२ फेब्रुवारी

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. बाळबोध अक्षर सासऱ्यांनी शिकवलं, पोथी वाचता यावी म्हणून. वि.बा. शास्त्राच्या बाई होत्या, रिटायर झाल्या. त्यांना मी कशी पुरी पडणार? मी दाराला कवाड म्हटलं तरी ‘किती गोड जुनं बोलता हो’ म्हणतात. गोड काय त्यात, दार आहे ते.

आज तर कमाल. मुक्ता म्हणते, आमच्याकडं ध्रुव तारा तुमच्यापेक्षा उंच असतो. मी म्हटलं, काहीतरीच, एकच आकाश. तर नाही, खरंच म्हणे! जितकं उत्तरेला जाल तितका तो वर. संध्याकाळी जाऊन बघितलं. आमच्या उत्तरेला शेजारच्या कामाक्षी मामीचा नारळ, ध्रुव असला तर त्याच्या झावळ्यांतच कुठं तरी अडकलेला. सेतूच्या लग्नात भटजींनी इथंच, याच गच्चीवर, दोघांना ध्रुव दाखवला होता. दोघांनी ‘दिसला’ म्हटलं. काय दिसला देव जाणे.

पुणं वर, ध्रुव पण त्यांचाच. बरं बाई.

शनिवार, २८ फेब्रुवारी

आज आनंदाची बातमी. नीट लिहिते.

मंगळवारी होळी, आणि त्याच दिवशी चंद्रग्रहण. वि.बा. स्वतः फोनवर आल्या. आवाज जरा उतरलेला. ‘विहीणबाई, या वेळी तुमची मजा आहे. ग्रहण दुपारीच लागतं. पुण्यात चंद्र उगवेपर्यंत जवळजवळ संपलेलं असेल, त्यातून समोर इमारती. तंजावूर पूर्वेला पडतं ना, तुमच्याकडं चंद्र आधी उगवतो. तुम्हाला ग्रहण लागलेलाच उगवताना दिसेल.’

मी म्हटलं, ‘परत सांगा, इकडं जरा आवाज तुटतोय.’ तुटत नव्हता. त्यांनी परत सांगितलं.

मुक्ता मागून ओरडली, ‘तंजावूरआजी, तू बघ आणि मला सांग! सगळं सांग!’ मी हो म्हटलं. दोनदा.

इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा माझ्याकडं काहीतरी आहे जे दुर्बिणीवालीकडं नाही.

रविवार, १ मार्च

घात. शास्त्री देवळात सांगत होते, ग्रहण पूर्वा नक्षत्रावर. माझंच नक्षत्र. हे घरी येऊन म्हणाले, ‘कपाळाला पट्टी बांधायची, आत बसायचं, दान द्यायचं. बघायचं नाव काढायचं नाही.’

तसंही मी जन्मात ग्रहण बघितलेलं नाही. लहानपणी आई कोंडून बसवायची, लग्नानंतर सासूबाई. सेतूच्या वेळी तर पोटात होता म्हणून हलू पण दिलं नाही. तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. न बघितलेल्या गोष्टीचं काय वाईट वाटायचं.

पण आता हो म्हणून बसले.

यांना म्हटलं, मुक्ताला शब्द दिलाय. हे म्हणाले, ‘मी बघून सांगतो.’ हे! ओरत्तनाडूच्या हापिसात जन्म गेला, चार शब्दांच्या वर बोलत नाहीत. ‘उगवला, लाल होता, संपलं’, एवढंच सांगतील. आणि मुक्ता शिबिराला जाईल.

सोमवार, २ मार्च

बोलणं बंद. दोघांचं. रसम अळणी झालं, हे मुकाट्यानं प्यायले.

मंगळवार, ३ मार्च

बघितलं.

आधीपासून लिहिते. दह्यावर, लोणच्यावर दर्भ टाकले. पुरण सकाळीच शिजवून ठेवायचं नव्हतं, म्हणून पोळ्या रात्री. दुपारी यांनी ताडपत्राची पट्टी आणली, शास्त्रींनी वर श्लोक लिहून दिलेली. माझ्या कपाळाला यांनीच बांधली. गाठ मारताना म्हणाले, ‘घट्ट झाली का?’ दोन दिवसांतलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, घट्टच हवी, जिना चढायचाय.

हे वाटेतून बाजूला झाले नाहीत. मग झाले.

गच्चीवर मी आणि फोन. सूर्य मावळला तसं राजवाड्याच्या मनोऱ्याच्या बाजूला बघत राहिले. आधी काही नाही, नुसतं धुरकट. मग त्या धुरातच एक फिका गोळा, कुणी ठेवून दिल्यासारखा. तांबूस. आणि वर डावीकडं, खरंच, खाल्लेला!

फोनवर तिकडं सगळे गच्चीत, दुर्बीण उभी करून. मी चंद्राकडं फोन धरला. मुक्ता म्हणाली, ‘नुसता पांढरा ठिपका दिसतोय. तू सांग ना!’ मग फोन माझ्या तोंडाकडं केला. मुक्ता किंचाळली, ‘तुझ्या कपाळाला काय लागलं?’ वि.बा. म्हणाल्या, ‘अगं, नंतर विचार ते! विहीणबाई, सावली कुठल्या बाजूला आहे?’

मी सांगायला लागले. मुक्ता पोळी खाताना आधी कड मोडते ना, कुणी बघत नाही असं समजून, तशी वरची डावी कड मोडलीय. मोडलेली जागा काळी नाही, मळकट आहे, तव्याच्या काठासारखी. खालची बाजू मात्र उजळ होत चाललीय. तो वर येतोय तशी सावली सुटतेय, ओलं लुगडं खांद्यावरून घसरावं तशी. सांगत गेले. वि.बा. एकदा इतकंच म्हणाल्या, ‘आम्हाला नाही हो दिसत काहीच.’

मला इतकं बरं वाटलं की थोडी लाज वाटली. थोडीच.

‘आजी, आता? आता किती राहिलं?’ मुक्तानं विचारलं, नुसतं आजी म्हणून, आणि आम्ही दोघी आज्या एकदम बोललो. वि.बा. थांबल्या. मी म्हटलं, नखाएवढं.

मग नखाएवढं पण गेलं. चंद्र पुरा, गोल, स्वच्छ. मी तरी सांगत राहिले. अजून आहे हो जरा, अजून जरा आहे. शेवटी वि.बा. म्हणाल्या, ‘विहीणबाई, संपलं असेल आता.’

‘तुमच्याकडं संपलं असेल,’ मी म्हटलं.

त्या हसायला लागल्या. ग्रहण सगळ्यांकडं एकाच वेळी संपतं म्हणे. असेल. मला मेलीला काय माहीत.

खाली आले, न्हाले, पोळ्या केल्या. हे पहिली पोळी घेऊन बसले, कड मोडली, हळूच म्हणाले, ‘अशीच का?’ म्हणजे जिन्यात उभं राहून सगळं ऐकत होते.

रविवार, ८ मार्च

सेतूचा फोन. मुक्ता मे महिन्यात येणार! शिबिर नको म्हणाली. तंजावूरआजीच्या गच्चीवर झोपायचं म्हणते.

उड्या मारायच्या बाकी होत्या. मग पुढचं वाक्य. ‘आणि अम्मा, तिला घेऊन आजीच येतायत. दुर्बीण आणणार आहेत. तिकडून दक्षिणेचे तारे वर दिसतात ना, ते त्यांना बघायचेत.’

म्हणजे त्या माझ्या गच्चीवर, दुर्बीण मांडून, मुक्ता त्या भिंगाला डोळा लावून. आणि मी? वडाम राखत.

पण आपण होऊन येतायत. इतकी वर्षं बोलावलं तेव्हा गुडघे दुखायचे. हे म्हणाले, ‘त्यांना इथलं आकाश हवंय, तुला राग कसला?’ राग नाही. काय आहे ते मला पण सांगता येत नाही. खाट कुठली द्यायची त्यांना? बरी आहे ती, की मोडकी?

बरी.

रविवार, १५ मार्च

तिकिटं अजून काढलेली नाहीत. वि.बा.चे गुडघे पुन्हा कुरकुरतायत म्हणे. ते अमेरिकेचे चौघं पण अजून निघालेले नाहीत, पुन्हा काहीतरी बिघडलं, एप्रिलवर गेलं. आता पेपरात रोज आधी तेच बघते.

कामाक्षी मामीला विचारलं, उत्तरेकडच्या चार झावळ्या उतरवून घ्याल का. म्हणाली, ‘अय्यो, कशाला?’ म्हटलं, पुण्याहून माणसं येतायत, त्यांना ध्रुव लागतो. म्हणाली, ‘नारळ काढायला माणूस येईल तेव्हा बघू.’ तो माणूस कधी येतो ते तिलाही माहीत नसतं.

दिवेलागणीनंतर वर गेले होते. वारा होता. झावळी हलली की मधेच बारीकसं काहीतरी चमकायचं, परत झाकलं जायचं. तोच ध्रुव असावा. किंवा पलीकडच्या टॉवरचा दिवा. वि.बा.ना एका शब्दात सांगता येईल.

मी होऊन विचारायची नाही. त्या येऊन बघतील तेव्हा बघतील.