पेटीतली मच्छरदाणी

माय, घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या. जंगल पाहायला येणाऱ्या लोकांसाठी. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. वाघ दिसू नये म्हणून आपण दिवेलागणीलाच दार लावून घ्यायचो, आणि हे लोक तो दिसावा म्हणून पैसे मोजून येतात. पण तसं आहे खरं. तुझे जावई जंगलाच्या गेटवर गाईड आहेत, उजाडायच्या आधी घर सोडतात. मी शिवणकाम करते, शाळेचे गणवेश आणि बायकांचे ब्लाउज. दोघांचं मिळून बरं चाललं होतं. मग गावात एकानं खोल्या काढल्या, त्याचं पाहून दुसऱ्यानं, आणि तुझी नात मागे लागली की आपणही काढू. ती शिकलेली आहे, मोबाइलवर बुकिंग तीच घेते. तू तिला पाहिलं नाहीस. नाक तुझं आहे, हट्ट माझा. हे मी माप कापायच्या खाकी कागदावर लिहिते आहे. त्यासाठी वही विकत आणायला गेले असते तर परत येईस्तोवर लिहायचं राहूनच गेलं असतं.

खोल्या बांधून झाल्या तेव्हा पैसा बराचसा संपला होता आणि आत ठेवायचं सामान सगळं बाकी होतं. गावात एक साहेब आले होते, खोल्या कशा सजवायच्या ते शिकवायला. माणूस चांगला होता, उगाच पाल्हाळ लावणारा नव्हता. म्हणाला, "ताई, पाहुण्याचं अंग जिथे टेकतं तिथे हात सैल सोडा. गादी, उशी, टॉवेल, न्हाणीघर. बाकी पडदे, कपाट, भिंतीवरची चित्रं, इथे हात आखडता घ्या." मला पटलं. पडदे तर मी गणवेशाच्या उरलेल्या निळ्या चौकडीच्या कापडाचे शिवले. शेजारची पोरगी खोली पाहायला आली आणि म्हणाली, "काकू, हा तं माह्या फ्रॉकचा कपडा हाये." मी म्हटलं, हो गं, आता तू शाळेत आणि तुझा फ्रॉक खिडकीत. गाद्या मात्र कापसाच्या, घट्ट भरून घेतल्या, चंद्रपूरच्या गादीवाल्यासमोर बसून. कपाटाऐवजी भिंतीला खुंट्या मारल्या. दोन दिवस राहणारा माणूस कपाटात ठेवणार काय?

अडलं ते मच्छरदाणीवर. साहेब म्हणाले, मच्छरदाणी नको, फोटोत खोली जुनाट दिसते, आजकाल भिंतीला लावायची मशीन मिळते. यांनाही तेच पटलं. "काऊन अडून बसली तू? साहेबाले आपल्यापेक्षा जास्त समजते," असं हे म्हणाले. मी विचारलं, "अन् लाइट गेल्यावर तुमची मशीन काय करते? मच्छर मोजते?" इथे वाऱ्याचा जोर झाला की लाइट जाते हे यांनाही माहीत आहे. पण खरं कारण लाइटचं नव्हतं, आणि ते मी यांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही तोवर कधी नीट सांगितलेलं नव्हतं. मी फक्त एवढंच म्हटलं की या घरात जितकी अंथरुणं तितक्या मच्छरदाण्या राहतील. पाहुण्यांच्या, आपल्या, सगळ्या. आणि वर एक जादा. त्या जादाच्या पायी भिंतीचा रंग राहिला, तो अजून राहिलेलाच आहे.

आपल्या गावात दवाखान्याच्या मच्छरदाण्या वाटल्या होत्या ते तुला आठवत असेल. अहेरीहून गाडी आली होती, नाल्याच्या अलीकडेच थांबली, आणि पुढे गठ्ठे डोक्यावरून आणले. आठवड्याभरात कुणी त्या जाळीनं मासे धरले, कुणी वांग्याच्या वाफ्यावर घातली, कुणी मोहफुलं बांधली. तू एकटीच संध्याकाळ झाली की चार कोपरे बांधायचीस. आधीची एक होती, बाबांनी बाजारातून आणलेली. तिच्यात मी आणि भाऊ. दवाखान्याची तुझी. बाबा त्या दिवसांत रात्री शेतातल्या माळ्यावर असायचे, धान निसवलं, लोंब्या आल्या की डुकरं येतात म्हणून. फाटकी जागा तू सुईनं अशी भरायचीस की बोट लावूनही कळू नये. मी शिवण तिथेच शिकले, तुझ्या मांडीशी बसून, सुईत दोरा ओवून देता देता. पहिला टाका वाकडा आला तेव्हा तू माझ्या हातावर चापट मारली होतीस आणि म्हणाली होतीस, "मच्छराले वाकडं दार चालते." ती चापट अजून हाताला आहे.

आणि बांगडीवाली. दिवाळीच्या आधी ती यायची, डोक्यावर पाटी घेऊन, गावागावांतून पायी. आपल्या गावात तिचा मुक्काम आपल्याकडेच असायचा. त्या वर्षी मी चौथीत होते. जेवण झालं, तिची चटई पडवीत पडली, आणि तू उठून स्वतःची मच्छरदाणी सोडलीस. मी आतून पाहते आहे. तू कोपऱ्यांच्या दोऱ्या सोडतेस, खांद्यावर टाकतेस, पडवीत जातेस. ती म्हणते, "बाई, नोको वो, तुमाले?" तू म्हणतेस, "मले सवय हाये." मग तू आत येऊन आमच्या बाजूला जमिनीवर आडवी झालीस. मी मच्छरदाणीची कड उचलून म्हटलं, "माय, इथी ये ना, आमच्यात." तू कड माझ्या हातातून घेतलीस, गादीखाली खोचलीस आणि म्हणालीस, "दाटी होते वो. झोप." सकाळी बांगडीवालीनं माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. पैसे घेतले नाहीत.

पुढचं तुला कितपत कळलं मला माहीत नाही. धान कापणीला आलं तेव्हा तुला ताप भरला. पहिले दोन दिवस तू तापातच चूल पेटवलीस. मग बरळायला लागलीस, मला ओळखेनास. गावातल्या माणसांनी तुला बाजेवर घालून नाला ओलांडला, पुढे जीप मिळाली म्हणे. बाबा दुसऱ्या दिवशी परत आले ते रिकामी बाज घेऊन. ताप डोक्यात गेला, एवढंच ते बोलले. मी पडवीत बसून हातातल्या बांगड्या एकेक करून दगडावर फोडल्या. कुणी मला रागावलं नाही, लेकरू दुःखात आहे असं सगळ्यांना वाटलं. दुःख होतंच. पण राग त्याहून मोठा होता, आणि तो तुझ्यावर होता. तू एका परक्या बाईला आमच्या आधी धरलंस, असं मला वाटलं. तिला दिलीस आणि आम्हाला टाकून गेलीस. पुढच्या वर्षी ती आली, दारातून तुला हाक मारली. बाबांनी सांगितल्यावर पाटी उतरवून तिथेच बसली आणि फार रडली. मच्छरदाणीचं तिला कुणी बोललं नाही. बाबा तर तेव्हा माळ्यावर होते, त्यांना ठाऊकही नव्हतं. ठाऊक होतं ते मला, आणि मी दाराआड उभी होते.

मोठी झाल्यावर एकदा दवाखान्यातल्या सिस्टरबाईंना मी विचारलं, सगळं सांगून. त्या म्हणाल्या, "ताप कोन्या राती भरला हे कोनालेच सांगता येत नाई. चुलीपाशी बसली असन तवाबी मच्छर चावला असन, वावराच्या धुऱ्यावर उभी असन तवाबी. त्या एका रातीवर काऊन बसली तू?" मला ते डोक्यानं कळलं. पण राग डोक्यात थोडाच असतो. लग्न होऊन इकडे आले, लेक झाली, आणि घरी कुणी पाहुणा आला की मी आधी घरातली अंथरुणं मोजायला लागायचे. चहा करीन, भात वाढीन, चांगलं पांघरूण देईन. पण आपलं द्यायचं नाही. लेकीच्या अंगावरचं, यांच्या अंगावरचं, माझ्या अंगावरचं काही कुणाला काढून द्यायचं नाही. नातेवाईक मला हाताची घट्ट म्हणतात. म्हणू देत.

म्हणून या मच्छरदाण्या मी स्वतः शिवल्या. बाजारातल्यांची खालची कड इतकी तोकडी असते की गादीखाली खोचली तर रात्रीतून बाहेर येते. मी खाली हातभर सुती कापड लावलं, जड, पक्कं. मापापेक्षा रुंद कापल्या. लेक म्हणाली, जाळी वाया जाते. मी म्हटलं, जाऊ दे. पाहुण्यांच्या, लेकीची, यांच्या बाजेवरची, माझ्या दिवाणावरची, सगळ्या टांगून झाल्यावर ती जादाची घडी करून पेटीत ठेवली, वर कडुलिंबाचा पाला. अचानक कुणी आलंच तर ती काढायची. कुणालाच आपली सोडून द्यावी लागणार नाही. पेटीचं झाकण लावताना मला वाटलं, तुझी चूक मी निस्तरली. हो, चूकच म्हणत होते मी.

साहेबांनी आणखी एक सांगितलं होतं, की गाडीच्या ड्रायव्हरवर खर्च करू नका, ते गाडीतच झोपतात. तेही मी मान्य केलं होतं. सगळीकडे असंच चालतं. मग पहिले पाहुणे आले, पुण्याकडचं एक जोडपं आणि त्यांच्यासोबत म्हातारे वडील. खोल्या पाहिल्या. बाई मच्छरदाणीला हात लावून म्हणाल्या, माझ्या आजोळी अशी होती. फोटोही काढला. मला आत कुठेतरी बरं वाटलं. दिवस बुडाल्यावर मी ड्रायव्हरला चहा द्यायला गेले. मोहाच्या झाडाखाली गाडी, आणि तो गाडीच्या दारात बसून दुपट्ट्यानं पाय झटकत होता. वडशाकडचा होता, माझ्याहून वयानं मोठा. मी विचारलं, "भाऊ, झोपता कुठी तुमी?" तो म्हणाला, "गाडीतच जी बाई. काच लावली तं जीव गुदमरते, खाली केली तं हे मच्छर. होते सवय."

ती सवय ऐकली आणि मी आत गेले. मला खरंच आठवत नाही मी काय विचार केला. केलाच नाही. माझ्या दिवाणाच्या चार कोपऱ्यांच्या दोऱ्या सोडल्या, मच्छरदाणी खांद्यावर टाकली, पडवीत बाज ओढली, तिच्यावर गोधडी घातली आणि त्याला बोलावलं. तो नको नको म्हणत होता. मी कड खोचून दाखवली, अशी खोचा म्हणून. परत आत आले तर लेक दारात उभी. म्हणाली, "माय, तुझी काऊन देली? पेटीत नवी हाये ना?"

मी पेटीकडे पाहिलं आणि तशीच दिवाणाच्या कडेवर बसून राहिले. ज्या एका प्रसंगासाठी ती शिवली, तो आला आणि मला ती आठवलीच नाही. माझी आधी सुटली. इतकी वर्षं मी धरून बसले होते की तू बांगडीवालीला एका पारड्यात ठेवलंस, आम्हाला दुसऱ्यात, आणि तिचं जड निघालं. माय, पारडं नव्हतंच गं तिथे. माणूस बाहेर मच्छर झटकतो आहे एवढंच दिसतं, आणि हात दोरीला जातो. मला रडू फुटलं. लेक घाबरली, काय झालं काय झालं करत राहिली. मग तिनंच पेटी उघडली, पाला झटकला, नवी मच्छरदाणी माझ्यावर टांगली आणि कड खोचून गेली. तुझ्यात आणि माझ्यात फरक तेवढाच. तुझ्या घरात तिसरी नव्हती.

आता ड्रायव्हरसाठी पडवीत कायमची बाज आहे, तिच्यावर मच्छरदाणी आहे, आणि पेटीत परत एक जादाची शिवून ठेवली आहे. भिंतीचा रंग पुढच्या वर्षी. यांना मी तुझं सगळं सांगितलं. यांनी दुसऱ्या दिवशी पडवीतल्या मच्छरदाणीच्या खुंट्या पक्क्या ठोकून दिल्या.

तुला वाचता येत नव्हतं, आणि कागद पाठवायला पत्ताही नाही. उद्या यावरच कुणाच्या तरी ब्लाउजची बाही आखीन. एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही, यांनाही नाही. माझी मच्छरदाणी रुंद आहे, दिवाणही रुंद आहे, तरी मी भिंतीला लागून झोपते. बाहेरच्या बाजूला एका माणसाची जागा उरते. दाटी होत नाही, माय.